भिंतीएवढा पुडा

४ मार्च

प्रिय मामा,

फोन केला की तू "हां, हां, बोल" म्हणत गिऱ्हाइकाला साबण देतोस आणि माझं बोलणं वजनकाट्यावरच राहतं. म्हणून हे पत्र. दुपारी दुकान सुनं असेल तेव्हा गल्ल्यावर बसून वाच, आणि मामीलाही वाचून दाखव.

मी नोकरी सोडली. दचकू नकोस, अर्धीच सोडली. सुपरमार्केटच्या जाहिरातींची पत्रकं काढून काढून मला स्वप्नातही टोमॅटो दिसायला लागले होते. टोमॅटो आहे त्याहून लाल करायचा आणि किमतीला पिवळा तारा चिकटवायचा, एवढंच काम. साहेब भला माणूस. त्याने माझी खुर्ची एप्रिलअखेरपर्यंत रिकामी ठेवलीय. तोवर चित्रांचं जमलं तर जमलं, नाहीतर पुन्हा टोमॅटो.

एक गोदाम घेतलंय. पूर्वी इथे टायर ठेवायचे, अजून रबराचा वास येतो. पण भिंती अशा उंच की शिडीवर चढून रंगवावं लागतं. चित्रं कसली, तर तुझ्या दुकानातल्या मालाची! साबणाचं वेष्टन, बिस्किटांचा पुडा, वेफर्सचा पुडा, सगळं दारापेक्षा मोठं. माणूस समोर उभा राहिला तर मुंगीएवढा वाटला पाहिजे. आपण रोज जे फाडून फेकतो तेच एकदा मान वर करून बघायला लावायचं, असा माझा बेत आहे.

इथल्या कलादालनाच्या मालकीणबाई आहेत. मी मनातल्या मनात त्यांना दालनबाई म्हणते. त्या एप्रिलच्या मध्यावर बघायला येणार. पसंत पडलं तर त्यांच्याकडची दारासमोरची सगळ्यात मोठी भिंत माझी. त्या भिंतीवर टांगलेल्या चित्रकाराला मग कोणी टोमॅटो काढायला सांगत नाही.

तर मागणं असं. दुकानातले, घरातले रिकामे पुडे मला पाठव. चुरगळलेले, जसे फेकता तसेच. इथले पुडे फार करकरीत असतात. तुझ्याकडचे दारात लटकून उन्हाने जरा विटलेले असतात, तेच मला हवेत.

तुझी,
खारुताई


११ मार्च

चि. खारुताईस आशीर्वाद, आणि अर्ध्या नोकरीचा उरलेला अर्धा भाग जपून ठेवावा ही सूचना.

पत्र मोठ्याने वाचलं. समोरचा शिंपीही ऐकून गेला. दारापेक्षा मोठा साबण म्हणजे अंघोळ कोण करणार, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझ्यासारख्याला तेवढा लागेलच.

मला चित्रातलं कळत नाही, पण पुड्यातलं कळतं. शाळा सुटल्यावर मी जे काही वाचायला शिकलो ते पुड्यांवरचंच. पूर्वी पुड्यात माल असायचा, आता हवा असते. आमच्या मधल्या फळीवर वेफर्सचे पुडे कसे गाल फुगवून बसलेले असतात, पाहिलेस ना? गिऱ्हाईक गालालाच भुलतं. त्यांना मोठं करायचं म्हणतेस तर कर बापडी. त्यांना ते आवडेलच.

पार्सल सोबत आहे. आता त्याची हकिकत. पुडे मी एका पिशवीत जमवले होते. तुझ्या मामीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "उष्टे पुडे पोरीला पाठवणार? टपालवाला काय म्हणेल?" मग सगळे पुडे साबणात भिजले, खळबळून निघाले आणि दोरीवर वाळत पडले. जाणारे-येणारे भाव विचारत होते.

एवढ्यावर थांबेल तर ती तुझी मामी कसली! म्हणाली, सुरकुत्या आहेत. जुन्या चादरीच्या दोन घड्यांमध्ये पुडा ठेवला आणि वरून आपली ती जाडजूड इस्त्री फिरवली. चर्र झालं. चादर उचलते तो काय, पुडा काडेपेटीएवढा! मामी किंचाळली, मी गल्ला उघडा टाकून धावलो. मग तिने तो तळहातावर घेऊन न्याहाळला आणि म्हणाली, "अगंबाई, किती गोजिरवाणा दिसतोय!" झालं. दुपारभर वेफर्सच्या सगळ्या पुड्यांना तिने तीच शिक्षा दिली. पार्सलही आटोपशीर झालं.

मी म्हटलं, तिने चुरगळलेले मागितलेत. तर म्हणते, "पोर संकोचाने मागते, म्हणून आपण तसंच द्यायचं?" मी हात टेकले.

तुझा,
मामा


१७ मार्च

प्रिय मामा,

पार्सल छान मिळालं. मामीला सांग, पुडे छान स्वच्छ आहेत. इस्त्रीही छान झालीय.

काम चालू आहे. दालनबाईंना यायला अजून वेळ आहे. काळजी नको.

खारुताई


२३ मार्च

चि. खारुताईस,

तुझं पत्र वाचायला मला चष्मा शोधायला लागला त्याहून कमी वेळ लागला. पहिल्या पत्रात तू मला टायरचा वाससुद्धा लिहून पाठवलास, आणि यात नुसतं छान, छान आणि छान. सुटीत आमच्याकडे यायचीस तेव्हा न आवडलेली भाजी ताटाखाली सारून तू असंच म्हणायचीस. ताट उचललं की छान कुठे गेलं ते दिसायचं.

म्हणजे पुडे कामाचे नाहीत. इथे माझं चुकलं ते असं की हे मी मामीला लगेच सांगितलं, आणि सांगताना "मी आधीच बोललो होतो" हे चार शब्द जोडले. संसारात हे चार शब्द बोलू नयेत, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मामीने इस्त्री पुसली, वायर गुंडाळली आणि ती माळ्यावर टाकली. म्हणाली, "यापुढे मी कशालाही इस्त्री लावणार नाही. तुमच्या सदऱ्यालासुद्धा." आता आमच्यात फक्त साखर संपली, तेल आलं, एवढंच बोलणं आहे. माझा सदरा बघून शिंपी म्हणाला, "काय, रात्री यातच झोपलात का?"

असो. तुझी भिंत महत्त्वाची. या वेळी मी कोणाच्या हाती काही लागू दिलं नाही. बस थांब्यामागे जाऊन स्वतः पुडे वेचले. दोन ओळखीचे लोक थबकले. एकाने खांद्यावर हात ठेवून विचारलं, "दुकान बरं चाललंय ना?" पाठवतोय ते धुतलेले नाहीत, पुसलेले नाहीत, चुरगळलेले आहेत. एकात अजून वेफर आहे. तो मी मुद्दाम तसाच ठेवला.

आता तरी खरं लिही.

मामा


२४ मार्च

प्रिय मामा, आणि मामी, मामी, मामी!

त्या पत्रातले तिन्ही छान खोटे होते. पुडे पाहून मला रडू आलं होतं. मला हव्या त्या चुण्याच गेल्या होत्या. मी ते हाताने चुरगळायला गेले तर ते काचेसारखे कडकडले, अर्धे तुटले. उरलेले टेबलावर टाकून मी शिडीवर रुसून बसले.

आज सकाळी वरच्या झरोक्यातून टेबलावर ऊन आलं. मी शिडीवरूनच खाली बघितलं आणि बघतच राहिले. मामा, नव्या पुड्यावर तो दात काढून हसणारा सूर्य असतो ना? आकसल्यावर त्याचं हसू ओठातल्या ओठात आलंय. एखादं गुपित कळल्यासारखा दिसतो. आणि वर ती ओरड असते ना सगळी, "नवीन!", "भरपूर!", "आता आणखी जास्त!", ती इतकी बारीक झालीय की कानाशी धरून ऐकावीशी वाटते. गाल फुगवून बसलेल्याच्या कानात कोणीतरी मायेने म्हणालंय, पुरे आता.

नुसता पुडा मोठा करून मी काय वेगळं करत होते? कंपनी तेच करते. पण मामीने लहान केलेला पुडा मी भिंतीएवढा केला तर? मी लगेच खडूने आखायला घेतला. दुपारी जेवायचंच राहिलं.

आता घाई आहे. धड पुडे अगदी थोडे उरलेत आणि भिंत भरायला चार चित्रं लागतील. मी माझी इस्त्री फिरवून पाहिली. एक पुडा वितळून तिला चिकटला, दुसऱ्याचा कोळसा झाला. दालनबाई १६ एप्रिलला येणार आहेत. मामीला म्हणावं, मिळेल त्याला इस्त्री कर आणि लगेच पाठव. चुरगळलेलं काही पाठवू नकोस!

तुझी खारुताई


२८ मार्च

प्रिय मामी,

हे पत्र फक्त तुला आहे. मामाने वाचायला मागितलं तर देऊ नकोस.

माझं पत्र तिकडे निघालं आणि मामाचं इकडे आलं. दोन्ही वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली. पाठोपाठ पार्सल आलं. उघडल्याबरोबर त्यातून मुंग्यांची रांग निघाली आणि माझ्या पांढऱ्या रंगातून चालत गेली. मामाचा वेफर त्यांनी आधीच संपवला होता.

तू इस्त्री माळ्यावर टाकलीस ती माझ्यामुळे. मला वाटलं, खरं सांगितलं तर तुला वाईट वाटेल. वाईट तर वाटलंच, वर मामाचे चार शब्दही ऐकावे लागले. मामी, मी तुझ्या एका पुड्याचं चित्र पूर्ण केलंय. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहिले तरी त्याच्या टोकाला हात पोचत नाही. हे तुझ्या इस्त्रीशिवाय होणार नाही. माझ्याने होत नाही, इस्त्रीवाल्याकडे गेले तर त्याने हाकलून दिलं.

माळ्यावरून इस्त्री काढशील का?

तुझी,
खार


२ एप्रिल

चि. खारीस मामीचा आशीर्वाद.

मी कोणाला पत्र लिहीत नाही, माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून पळाल्यासारखं. पण तू मलाच लिहिलंस म्हणून मीच लिहिते. ह्यांनी दोनदा विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, तुमच्या सदऱ्याबद्दल आहे.

मला राग पुड्यांचा नव्हता. तू मला छान म्हणालीस त्याचा होता. परक्या बाईला म्हणतात तसं. अगं, तुला मी नाक पुसून मोठी केली दर सुटीत. मला तोंडावर म्हण, मामी तू घोटाळा केलास. मी दोन भांडी आपटेन आणि चहा टाकेन.

इस्त्री काढलीय. पण ती पार्सलने पाठवायची नाही. तिचं बटण बिघडलंय. मधेच भडकते, मधेच निवते, कुशीवर दोन चापट्या दिल्या की ताळ्यावर येते. ते मलाच कळतं. ती दुसऱ्याचं ऐकणार नाही, आणि नवीन इस्त्रीने हे होत नसेल, असं मला वाटतं. म्हणून मीच येते.

पुडे मात्र धुऊनच घेणार. त्यावर वाद नको. ह्यांना एकट्याने राहता येतं असं हे म्हणतात. तेही एकदा बघू.

मामी


६ एप्रिल

चि. खारुताईस,

तुझी मामी आज सकाळच्या बसने निघाली. कपड्यांची पिशवी टपावर आणि इस्त्री मांडीवर. कंडक्टरने विचारलं, हे काय? म्हणाली, "चित्रं काढायला चालले आहे." त्या बिचाऱ्याने तिकीट फाडलं.

जाताना माझे सगळे सदरे इस्त्री करून गेली. बोलली मात्र नाही. पण खिडकीतून हात हलवला, तो मलाच असावा असं मी धरून चाललोय. शेजारी दुसरंही कोणी उभं होतं.

घर सुनं झालंय. मी स्वयंपाक केला. शिंप्याला वाढला. त्याने शिवणाचं काम फार असल्याचं सांगितलं. वेफर्स घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, इथेच खा आणि पुडा परत दे. लोक घाबरून खातात.

दालनबाईंनी भिंत दिली तर उत्तम. नाही दिली आणि खुर्चीवर जाऊन बसावं लागलं, तरी मान खाली घालू नकोस. टोमॅटोही कोणीतरी काढायचाच असतो. पण भिंत मिळावी, असं मला फार वाटतं. दुपारी गल्ल्यावर बसून तेच वाटत राहतं.

मामा


१७ एप्रिल

प्रिय मामा,

पाय पसरून बस, मग वाच.

दालनबाई काल आल्या. कडक कपडे, उंच टाचा, हातात चष्मा. गोदामाच्या मधोमध मामी इस्त्रीच्या कुशीवर चापट्या मारत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, पाय पुसून या. खाली कापड पसरलंय." त्यांनी मुकाट्याने पाय पुसले.

मग त्या एकेका चित्रासमोर उभ्या राहिल्या. पुढे गेल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. तुला माहीत आहे मी अशा वेळी कशी होते, मी ब्रश उगाच धूत बसले. शेवटी मामीलाच राहवलं नाही. "बाई, आवडलं नसेल तर तोंडावर सांगा. आमची पोर त्याने रडत नाही. छान म्हणून निघून गेलात तर मात्र आम्ही दोघी रडू."

दालनबाई खुर्ची ओढून बसल्या आणि हसल्या. म्हणाल्या, "दोन उत्तम आहेत. तिसरं घाईत केलंय, ते पुन्हा करा. चौथं ओलं आहे म्हणून बोलत नाही. पण हे लहान करून मोठं करणं मी आजवर पाहिलं नव्हतं. भिंत तुमची." निघताना त्यांनी मामीकडे एक आकसलेला पुडा मागितला. मामीने दोन दिले.

मामा, भिंत मिळाली! साहेबांना कळवलंय, खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या.

एकच भांडण राहिलंय. सगळ्यात मोठ्या चित्राच्या खालच्या कोपऱ्यात एक तपकिरी डाग आहे. तिकडे तुमच्या घरी करताना इस्त्री मधेच भडकली होती, तिथे पुडा करपला. मूळ डाग नखाएवढा. मी तो जीव लावून रंगवला, तर चित्रात तो दोन माणसं शेजारी बसतील एवढा रुंद झालाय. मामीने बाई गेल्यावर तो पाहिला.

"हे काय?"

"तुझा डाग."

"पूस."

"मामी, सगळ्या चित्रात तोच सर्वांत सुंदर आहे."

"माझा हात सटकला ते तू गावभर टांगणार? लोक म्हणतील, हिला साधी इस्त्री येत नाही!"

मी पुसणार नाही म्हटलं. तोंडावर सांगायचं हे तिनेच शिकवलंय. तिने दोन भांडी आपटली. चहा मात्र अजून टाकलेला नाही.

तुझी,
खारुताई


९ मे

प्रिय मामा,

प्रदर्शन काल उघडलं. तू माल उतरवायचा म्हणून आला नाहीस, आणि केवढी गंमत हुकवलीस!

दरवाजा उघडायच्या आधीच मामी नवे कपडे घालून त्या कोपऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. चित्राला पाठ लावली नाही, पण डागाच्या बरोबर पुढे. मी म्हटलं, मामी, बस ना. "मी इथे बरी आहे." लोक यायला लागले. जो येईल तो मान वर करून पुडा बघे, मग हळूहळू नजर खाली येई आणि मामीवर थांबे. सूर्य ओठात हसतोय आणि खाली मामी ओठ घट्ट मिटून उभी! लोकांना वाटलं, हाही चित्राचाच भाग आहे. एका गृहस्थाने तिच्याकडे एवढं टक लावून पाहिलं की ती म्हणाली, "काय हवंय?" तो दचकून मागच्या बाईच्या पायावर पडला.

मग एका आजींनी मामीच्या बाजूने वाकून विचारलं, मागे काय लपवलंय? मामीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून सगळं सांगितलं. इस्त्री कशी भडकली, पुडा कसा करपला, पोरीने कसं ऐकलं नाही. आजी म्हणाल्या, माझ्याने तर लग्नातला शालू जळला होता. शेजारच्या माणसाने पँटची गोष्ट काढली. थोड्या वेळाने तिथे चांगलं कोंडाळं जमलं आणि जो तो आपापलं करपलेलं सांगायला लागला. माझ्याशी बोलायला कोणीच नव्हतं. दालनबाई म्हणाल्या, "रोज येतील का या?"

मामी ऐकून म्हणाली, "यावंच लागेल. हा डाग कोण झाकणार?"

आज सकाळीही ती माझ्या आधी तिथे हजर. पण काल संध्याकाळी तिचे पाय दुखत होते, आणि डाग तिच्या दोन्ही बाजूंनी थोडा दिसतोच. त्याची तिला फार रुखरुख आहे. तुझी आठवण काढते. म्हणजे, ह्यांना वेळेवर जेवायला मिळतं का, असं विचारते. चहा कालच मिळाला.

खारुताई


१२ मे

चि. खारुताईस,

पत्र गल्ल्यावर वाचलं. मग उठलो आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. शिंपी धावत आला, त्याला वाटलं कोणाचं काही झालं. मी म्हटलं, आमच्या बायकोचं चित्र झालंय, बघायला चाललोय. किल्ली त्याच्याकडे दिलीय. तो साबण देईल, भाव मात्र आपल्या मनाने सांगेल.

उद्या सकाळच्या बसने निघतो; हे पत्र आजच्याच बसच्या कंडक्टरकडे देतोय, म्हणजे माझ्या आधी पोचेल. सदरा मीच धुतलाय, पण इस्त्री तुमच्याकडे असल्यामुळे चुरगळलेलाच घालून येणार. तू मागितलं होतंस तसाच.

तिला एवढाच निरोप दे. मी पोचेपर्यंत जागा सोडू नकोस म्हणावं. डाग दोन माणसांएवढा रुंद आहे असं पोर लिहिते. अर्धा तू झाकलाच आहेस. उरलेला मी येऊन झाकतो.

मामा